दिवा काही विझेना

आमच्या जुन्या डिझेल फोर बाय फोरचा चेक इंजिनचा दिवा गगनबावड्याच्या चढाला पेटायचाच. स्कॅनरवर कोड तोच: पी ०४०१, ईजीआरचा प्रवाह कमी. दोनदा व्हॉल्व्हची काजळी काढली. आठवड्यात दिवा परत हजर.

उद्यमनगरात एकजण म्हणाला, "पत्री मारून बंदच कर की भावा, पीयूसीत कळत न्हाई." खरंय, डिझेलच्या पीयूसीत दिसणारा धूरच मोजतात. पण ईजीआर थोडा धूर परत इंजिनात सोडून ज्वलनाचं तापमान उतरवतो, त्यानं नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. घरात धाकटीला दमा. पत्री नको म्हटलं.

मग व्हॅक्यूमची रबरी नळी काढून बघितली. क्लिपखाली बारीक चीर! तिथनं हवा शिरायची, व्हॉल्व्ह पुरता उघडायचाच नाही. नळी बदलली. परवा घाट चढून आलो, दिवा गप्प.