जिकडे नजर, तिकडे गाडी



आज बोलूया हौशी मोटरसायकल शर्यतींबद्दल.
नोकरीधंदा सांभाळून, स्वतःच्या खिशातून खर्च करून ट्रॅकवर उतरणाऱ्यांबद्दल.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई इथे एक ट्रॅक आहे.
तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा.
क्लब १९५३ सालचा.
आपल्या पुण्याकडची मुलंही तिथे शर्यतीला जातात.

हंगामातला बराचसा वेळ तयारीतच जातो.
इंजिन ऑइल काढायचा तो खालचा बोल्ट असतो ना,
त्याला बारीक भोक पाडतात.
त्यातून तार ओवतात, आणि पिळून घट्ट बांधतात.
बोल्ट सैल झाला, तर ऑइल ट्रॅकवर सांडेल.
मागचा स्वार त्यावरून घसरेल.
मला या तारेचं फार कौतुक वाटतं.
ती मागून येणाऱ्यासाठी बांधलेली असते.

आता वळण.
नवख्याला सरळ पट्ट्यातल्या वेगाचं आकर्षण.
पण खरा वेळ वाचतो वळणावर.
ब्रेकचा जोर गाडी सरळ असतानाच लावायचा.
मग गाडी झुकवायची.
आणि नजर?
चाकापुढच्या डांबरावर नको.
वळण संपतं, तिकडे हवी.
जिकडे नजर, तिकडे गाडी.
पुन्हा सांगते.
जिकडे नजर, तिकडे गाडी.

पिवळा झेंडा दिसला, की ओव्हरटेक बंद.
लाल दिसला, की शर्यत थांबली.
वेग कमी करून पिटमध्ये परतायचं.

तुम्हालाही उतरायचंय?
आधी रेसिंग स्कूलमध्ये शिका.
मग राष्ट्रीय फेडरेशनचं लायसन्स काढा.
हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, बूट,
सगळं शर्यतीआधी तपासलं जातं.