याद्यांच्या बैठकीआधी

(लग्न ठरलेल्या मुली आणि त्यांच्या आया यांच्यासाठी घेतलेल्या शिबिरातलं भाषण)



सकाळपासून तुम्ही एकच प्रश्न फिरूनफिरून विचारताय : लग्नातले कुठले विधी ठेवायचे, कुठले गाळायचे? मी तशी यादी देणार नाही. स्वतःच्या लग्नात मी ती केली होती आणि चुकले होते. ते आधी सांगते.

एम.एस.डब्ल्यू. होऊन दोन वर्षं झाली होती. कन्यादान नाही, मानपान नाही, विहिणीचे पाय धुणं नाही, तांदळात नवं नाव लिहिणं नाही, हे सगळं मी सासरच्यांशी वाद घालून कबूल करून घेतलं. हळद तेवढी ठेवली. म्हटलं, हळदीत काय वाईट? बायका गातात, हसतात. वर्षभरानं निवांत फोटो बघत बसले, तेव्हा लक्षात आलं, हळदीच्या एकाही फोटोत आई नाही. बाबा गेल्यापासून ती अशा वेळी आपणहून मागं सरायची. पाच सवाष्णींनी मला हळद लावली, आणि जिनं एकटीनं मला शिकवलं ती आत कपबश्या विसळत होती. तिला कुणी 'जा' म्हणालं नव्हतं. पण मीसुद्धा 'ये' म्हणाले नव्हते.

तेव्हापासून मंत्राचा अर्थ मी नंतर बघते. आधी बघते, इथं कोण वाकतंय, कोण कुणाला दिलं जातंय आणि कोण दाराबाहेर उभं आहे. असं बघितलं की उत्तरं वेगळी येतात. अंतरपाट, अक्षता यांनी कुणाचं काही बिघडत नाही. कानपिळी तर मला आवडते. फक्त नवऱ्याचा कान भावानंच का पिळावा, बहिणीनं का नाही? उलट रजिस्टर लग्न करून संध्याकाळी स्वागत समारंभात वरपक्षाला सोन्याच्या अंगठ्या वाटलेल्या मी पाहिल्या आहेत. भटजी नव्हता एवढंच.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, कन्यादान केलं नाही तर लग्न कायदेशीर होतं का? होतं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार दोघांपैकी कुठल्याही एका बाजूच्या रीतीनं लग्न लागलेलं चालतं. सप्तपदी त्या रीतीत असेल, तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. कन्यादानाचा त्यात उल्लेखही नाही. २०२४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं हेच सांगितलं. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं दुसरी गोष्ट स्पष्ट केली : या कायद्याखाली काहीच विधी न करता नुसता नोंदणीचा दाखला आणला, तर ते लग्न होत नाही. म्हणून ज्यांना विधी मुळीच नकोत त्यांनी १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावं. त्याला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तीन साक्षीदार लागतात. हॉल ठरवायच्या आधी ही तारीख धरा. मुली नेमकं हेच विसरतात. आणि लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही.

'आपल्यात असं नसतं' हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. आपल्यातच आहे. सत्यशोधक समाजाच्या रीतीनं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ला लागलं. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. पुढं १८८७ साली जोतिरावांनी मंगलाष्टकांसकट सगळा पूजाविधी छापून काढला. त्यात नवरी गप्प उभी राहत नाही. बायकांना हक्क नाकारले गेले आहेत हे ती नवऱ्याला भर मांडवात ऐकवते आणि ते हक्क देण्याचं वचन मागते. सगळं मराठीत, मांडवातल्या प्रत्येकाला कळेल असं. त्या काळी हे धाडस होतं, आणि खरं सांगायचं तर आजही आहे.

पण मांडवात बोलून उपयोग नसतो, कारण खरं लग्न याद्यांच्या बैठकीत ठरतं. ती पुरुषांची बैठक. आपण पोह्यांच्या ताटल्या घेऊन आत-बाहेर करतो. मुलींनो, त्या दिवशी खोलीत बसा, आणि कागद-पेन तुमच्या हातात असू द्या. खर्च निम्मा-निम्मा हे तिथंच लिहा. 'आमचं काही मागणं नाही, तुम्ही हौसेनं द्याल ते' असं कुणी म्हणालं, की ती हौसही लिहायला सांगा. हुंडा घेणं आणि देणं दोन्ही १९६१पासून गुन्हा आहे, त्यामुळे लिहायची वेळ आली की हौस बरीच आटोपते!

विधवा आयांबद्दल मात्र कुठल्याच बैठकीत कुणी काढत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग सरकारनंही तसं परिपत्रक काढलं. पण हळदीच्या पाटाशी परिपत्रक येत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्ही महिनाभर आधीच आईशी बोललो. ती रडली, म्हणाली, "माझ्यामुळं पोरीचं काही वाईट झालं तर?" तिच्या मनात हे खरोखरच होतं, त्यामुळे भाषण देऊन भागणार नव्हतं. मी रोज रात्री तिच्याजवळ बसत होते. शेवटी बहीणच म्हणाली, "आई, तू लावणार नसशील तर मला हळदच नको." हळदीला आईनं पहिलं बोट नुसतं टेकवलं, घाबरत. मग दोन्ही हातांनी लावली. एक काकू उठून गेल्या आणि पुढं वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत. बाकीच्या बसून राहिल्या. त्यातल्या दोघी विधवा होत्या. आईनं हळदीची वाटी त्यांच्याकडं सरकवली.