रोम : खुलें शहर

१९४४ च्या ४ जूनला रोम मुक्त झालें, आणि १९४५ च्या आरंभींच रोबेर्तो रॉसेलिनी यांनीं चित्रणास हात घातला. चिनेचित्ता ह्या प्रख्यात स्टुडिओंत तेव्हां निर्वासित राहत होते. पैसा तुटपुंजा, फिल्म मिळेल त्या जातीची. चित्रण मुकेंच करून संवाद मागाहून भरले गेले. पुष्कळसें नेपथ्य रस्त्यांनीं व जिन्यांनींच पुरविलें.

आन्ना मान्यानीची पीना, पकडून नेलेल्या वाग्दत्त वराच्या लॉरीमागें धांवतां धांवतां गोळी लागून कोसळते. ३ मार्च १९४४ ला तेरेसा गुल्लाचे ही गरोदर स्त्री रोममध्यें, अटकेंतील पतीसाठीं गेली असतां, अशीच मारली गेली होती. नायिका मध्यावरच जाते आणि कथा तिच्यावांचून पुढें चालूं लागते. युद्धांत घडतें तसेंच हें. जर्मन अधिकारी मात्र जुन्या नाटकांतल्या खलपुरुषांसारखे वाटतात.

१९४६ सालीं कान येथें चित्रपट गौरविला गेला. १९५२ च्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत तो, आणि त्याच वळणाचा द सिका यांचा ‘सायकलचोर’, दाखविला गेला. पुढच्याच वर्षीं बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’साठीं बलराज साहनी कलकत्त्याच्या रस्त्यांतून खरोखरीची रिक्षा ओढीत धांवले.