बुद्धिबळाचा शेवट आणि संगणक



पटावर मोहरी पुष्कळ असली म्हणजे डाव अवघड आणि थोडी उरली म्हणजे सोपा, अशी आपली साधी समजूत असते. संगणकाच्या बाबतीत बरीच वर्षे याच्या उलट होते. मोहऱ्यांच्या गर्दीत तो बऱ्यापैकी खेळाडूची भंबेरी उडवी. पण दोन राजे आणि चार प्यादी उरली की बावचळे. 'मी हे केले तर तो ते करील' असे मोजत तो पुढे जाई आणि थोड्या खेळ्यांपलीकडे त्याची नजर पोचत नसे. शेवटी मात्र प्याद्याचा वजीर व्हायला कधी वीस-वीस खेळ्या लागतात. माणूस तेवढे मोजतच नाही. राजा त्या बाजूला न्यायचा, एवढे ठरवतो आणि चालू लागतो.

मग अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या केन थॉम्प्सन यांनी, मोजक्या मोहऱ्यांच्या शेवटांसाठी, उलट्या पावलांनी जायचे ठरवले. आधी मात झालेल्या साऱ्या स्थिती मांडायच्या, मग मातेला एकच खेळी उरलेल्या, मग दोन, असे करीत त्या मोहऱ्यांची प्रत्येक स्थिती नोंदवून टाकायची. काशीला निघालेला यात्रेकरू प्रत्येक फाट्यावर वाट विचारतो. पण काशीहूनच उलटा निघून ज्याने प्रत्येक फाट्यावर दगड रोवला, त्याला कोणाला विचारण्याचे कारण काय?

याची प्रचीती १९७७-७८च्या सुमारास अमेरिकेचे विजेते वॉल्टर ब्राउन यांना आली. त्यांच्याकडे राजा आणि वजीर, यंत्राकडे राजा आणि हत्ती. वजीरवाला जिंकतो, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले. फार तर ३१ खेळ्यांत हत्ती मारता येतो किंवा मात होते. पण यंत्र आपला हत्ती राजापासून दूर, पुस्तकाने कधी न सुचवलेल्या घरात नेऊन ठेवू लागले. पन्नास खेळ्यांत मोहरे मारले नाही आणि प्यादेही हलले नाही, तर डाव बरोबरीत सोडवता येतो. आणि ब्राउन यांच्या पन्नास खेळ्या संपल्या! काही दिवस अभ्यास करून ते परत आले, तेव्हा नेमक्या पन्नासाव्या खेळीला हत्ती हाती लागला. गृहस्थ खरे जिद्दीचे.

याहून मोठा धक्का पुढे बसला. दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा एका विशिष्ट मांडणीत तग धरतो, असे क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी १८५१ साली लिहिले होते आणि जाणत्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या मानले. १९८३ साली थॉम्प्सन यांच्या नोंदींनी दाखवले की उंटवालाच जिंकतो; मात्र कधीकधी ६६ खेळ्या लागतात. पुढे २०१२ साली मॉस्कोत सात मोहऱ्यांपर्यंतच्या, म्हणजे दोन्ही राजे धरून सातांच्या, नोंदी पुऱ्या झाल्या. त्यांतील एका स्थितीत मात व्हायला ५४९ खेळ्या लागतात. यंत्र त्या खेळ्या दाखवते. त्या का, हे सांगत नाही. निष्णात खेळाडूही त्यांकडे पाहून हात टेकतात. उत्तर हाती आहे आणि ज्ञान मात्र नाही, अशी ही चमत्कारिक अवस्था!

हल्ली मुले यंत्राने दाखवलेला आकडा पाहून डाव सोडून देतात. त्यांना विचारावे, पटावर मोहरी किती? सात किंवा कमी असून यंत्राने या नोंदी पाहिल्या असतील, तर आकडा अखेरचा. जास्त असतील तर ते यंत्राचे मत. बहुधा आपल्या मतापेक्षा चांगले, पण मतच.

गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने २०१७ साली एक स्थिती पुढे मांडली. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी; काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट आणि प्यादी. त्या वेळचे नामांकित कार्यक्रम काळा जिंकणार म्हणून सांगत होते. जरा पट पाहा. काळ्याचा राजा, वजीर आणि हत्ती आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेले. तिन्ही उंट काळ्या घरांचे. पांढऱ्याने समोरचा हत्ती मारण्याचा लोभ धरला की कोंडी फुटते. तो मोह आवरून राजा पांढऱ्या घरांतून इकडून तिकडे फिरवीत बसला, की त्याला शह द्यायला कोणीच उरत नाही.