शिक्क्यामागचे उत्तरदायित्व



अध्यक्षीय भाषणातून व्यवसायाच्या सौंदर्यदृष्टीचा, पर्यावरणाशी असलेल्या त्याच्या नात्याचा किंवा शिक्षणाच्या दर्जाचा विचार मांडण्याची प्रथा आहे. या परिषदेपुढे आज ठेवायचा विषय वरकरणी त्याहून रुक्ष असला, तरी या सर्वांच्या मुळाशी जाणारा आहे. भूदृश्यरचनाकाराने, म्हणजे व्यवहारात ज्याला लँडस्केप आर्किटेक्ट म्हणतात त्याने, आपल्या आराखड्यांवर आणि विनिर्देशांवर व्यावसायिक शिक्का केव्हा, कशावर आणि कोणत्या अधिकाराने उमटवावा, हा तो विषय होय. याविषयीचे तपशीलवार नियम अमेरिकेतील राज्यांनी केलेले असल्यामुळे विवेचनाचा मुख्य आधार तिथलाच राहील, आणि भारतातील व्यवसायाने त्यातून काय घ्यावे याचा विचार शेवटी येईल. प्रतिपादन एकच आहे : ज्या कामावर व्यावसायिकाचे प्रत्यक्ष नियंत्रण होते, त्याच कामावर त्याचा शिक्का असावा, आणि शिक्क्यासंबंधीचा प्रत्येक चांगला नियम हे नियंत्रण खरे ठेवण्यासाठीच केलेला असतो.

भूदृश्यरचना म्हणजे झाडे लावणे, अशी समजूत असलेल्या माणसाला या शिक्क्याची गरज पटणार नाही. म्हणून या दस्तऐवजांत काय असते ते प्रथम पाहिले पाहिजे. जमिनीचे चढउतार ठरवणारा समतलन आराखडा, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा, वाटा, पायऱ्या, रॅम्प आणि धरभिंती यांचे तपशील, लागवडीचा आणि सिंचनाचा आराखडा, आणि सामग्री व कारागिरी यांचा दर्जा शब्दांत बांधून देणारे विनिर्देश, असा हा संच असतो. यांतील एका आकड्याचे मोल किती असते हे रॅम्पच्या उदाहरणावरून कळते. अमेरिकेतील अपंगांसाठीच्या सुगम्यतेच्या २०१० च्या मानकांनुसार चालण्याच्या वाटेचा लांबीतला उतार १:२० पेक्षा तीव्र झाला की ती वाट रॅम्प ठरते, रॅम्पचा उतार सर्वसाधारणपणे १:१२ पेक्षा तीव्र असता कामा नये, आणि वाटेचा आडवा उतार १:४८ च्या, म्हणजे मीटरला साधारण दोन सेंटिमीटरच्या, आत ठेवावा लागतो. आराखड्यावरची एखादी स्पॉट लेव्हल, म्हणजे त्या बिंदूची ठरवून दिलेली उंची, चारपाच सेंटिमीटरने चुकली, तर व्हीलचेअर एका बाजूला ओढली जाते किंवा पाणी इमारतीच्या उंबऱ्याकडे वळते. उद्यानात येणारा माणूस तो आराखडा कधी पाहत नाही, ठेकेदाराला त्याची छाननी करण्याचा अधिकार नसतो, आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाला प्रत्येक आकडा पुन्हा मांडून पाहणे शक्य नसते. या सर्वांच्या वतीने कोणीतरी नावानिशी उत्तरदायी असणे आवश्यक ठरते.

हे उत्तरदायित्व कायद्यात उतरायला वेळ लागला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला, आणि भूदृश्यरचनाकारांची राष्ट्रीय संघटना १८९९ मध्ये स्थापन झाली. परंतु या व्यवसायाचे नियमन करणारा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने केला तो १९५३ मध्ये. वास्तुविशारदांसाठी इलिनॉयने १८९७ मध्ये आणि अभियंत्यांसाठी वायोमिंगने १९०७ मध्ये असे कायदे केले होते, हे लक्षात घेता हा व्यवसाय अर्ध्या शतकाने मागे राहिला. अमेरिकेत परवाना देण्याचा अधिकार राज्यांकडे आहे, आणि नागरिकांचे आरोग्य, सुरक्षा व कल्याण यांचे रक्षण हा त्याचा घटनात्मक पाया मानला जातो. म्हणून कायद्याच्या दृष्टीने परवाना आणि शिक्का यांचा पहिला लाभार्थी सामान्य माणूस आहे, व्यावसायिक नव्हे. हे कायदे दोन प्रकारचे असतात. उपाधी-कायदा केवळ 'लँडस्केप आर्किटेक्ट' हे बिरुद वापरण्यावर बंधन घालतो. व्यवसाय-कायदा ते काम करण्यावरच बंधन घालतो. शिक्क्याला खरे वजन येते ते दुसऱ्या प्रकारात, कारण तिथे शिक्क्याविना आराखडा परवानगीच्या टेबलावरून पुढे सरकत नाही.

शिक्क्याचे बाह्य रूप राज्यागणिक थोडे बदलते, तरी त्यातील मजकूर बहुधा ठरलेला असतो : व्यक्तीचे नाव, तिचा परवाना क्रमांक, राज्याचे नाव आणि व्यवसायाची उपाधी. शिक्क्याजवळ किंवा त्यावरून सही आणि तारीख असावी लागते. शिक्का व्यक्तीचा असतो, तिच्या कंपनीचा नसतो, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे. कंपनी विकली जाते, विलीन होते, बंद पडते; परंतु आराखड्यावर ज्याचे नाव आहे तो माणूस उत्तरदायी राहतो. सहीजवळच्या तारखेमुळे त्या दिवशी परवाना चालू होता की नाही आणि कोणती मानके लागू होती, हे वर्षांनंतरही ठरवता येते. परवान्याची मुदत संपली असता किंवा तो निलंबित झाला असता शिक्का वापरणे हा स्वतंत्र अपराध ठरतो, तो याच कारणाने.

या नियमांचा गाभा 'उत्तरदायी नियंत्रण' या संकल्पनेत आहे. आराखडा स्वतः काढला असेल, किंवा आपल्या थेट देखरेखीखाली, निर्णयांत सहभागी राहून करवून घेतला असेल, तरच त्यावर शिक्का उमटवता येतो, असा तिचा अर्थ आहे. दुसऱ्याने पूर्ण केलेला आराखडा शेवटच्या दिवशी समोर ठेवून त्यावर शुल्क घेऊन शिक्का मारून देणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा गंभीर प्रकार मानला जातो. न्यूयॉर्कचा नियम याबाबत अनुकरणीय आहे. आपण किंवा आपल्या थेट देखरेखीखालील कर्मचाऱ्याने न केलेल्या दस्तऐवजावर कोणी शिक्का उमटवणार असेल, तर त्याने आराखडे, विनिर्देश, गणिते आणि लागू असलेल्या संहितांचे संदर्भ तपासून सविस्तर लेखी मूल्यमापन तयार केले पाहिजे आणि ते किमान सहा वर्षे जपून ठेवले पाहिजे, असे तिथे बंधन आहे. 'पाहिले आणि ठीक वाटले' एवढे म्हणून सुटका होत नाही. पुण्यामुंबईतील अनेक कार्यालयांत परदेशी कंपन्यांसाठी बांधकामाचे आराखडे तयार होतात, आणि तिकडे शिकून तिथल्याच कार्यालयांत काम करणाऱ्या मराठी तरुणांची संख्याही मोठी आहे. त्या सर्वांसाठी हा नियम रोजच्या कामाचा भाग आहे. हजारो मैलांवर काढलेल्या आराखड्यावर तिथल्या परवानाधारकाचा शिक्का लागतो, तेव्हा काम चालू असताना झालेली तपासणी, दिलेल्या सूचना आणि केलेल्या दुरुस्त्या यांची नोंद हाच नियंत्रणाचा पुरावा असतो.

दुसरा प्रश्न अपूर्ण दस्तऐवजांचा. ग्राहकाला दाखवण्यासाठी, खर्चाचा अंदाज काढण्यासाठी किंवा चर्चेसाठी पाठवलेला आराखडा कधी कधी तसाच जागेवर पोहोचतो आणि त्यावरून खोदाई सुरू होते. हा धोका ओळखून टेक्ससच्या नियमांनी अशा आराखड्यावर शिक्का सक्तीचा ठेवलेला नाही. मात्र तो अपूर्ण असून परवानगी किंवा बांधकाम यांसाठी वापरता येणार नाही, असे स्पष्ट विधान, संबंधित व्यावसायिकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख त्यावर असलीच पाहिजे, असे बंधन घातले आहे. कागदाचा हेतू कागदावरच लिहिलेला असावा, ही शिस्त जितकी साधी तितकीच ती आपल्याकडे दुर्मीळ आहे.

तिसरा प्रश्न शिक्का उमटल्यानंतर होणाऱ्या बदलांचा. मराठा काळातील राजपत्रांवर आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटवले जाई. अखेरच्या मोर्तबामुळे मजकुराची सीमा ठरत असे आणि त्याखाली मागाहून काही भर घालणे अशक्य होई. व्यावसायिक शिक्क्याकडूनही हीच अपेक्षा आहे. न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांसंबंधीच्या कायद्यानुसार शिक्का असलेल्या दस्तऐवजात बदल करणाऱ्याने स्वतःचा शिक्का, आपण बदल केल्याची नोंद, सही, तारीख आणि बदलाचे नेमके वर्णन दिले पाहिजे. मूळ रचनाकाराचे काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे त्यामुळे वाचणाऱ्याला दिसते. याच न्यायाने एका संचात काम करणाऱ्या अनेकांनी आपापल्या भागापुरताच शिक्का वापरावा : धरभिंतीच्या गजांचे गणित संरचना अभियंत्याचे असेल, तर ते त्याच्या शिक्क्याखाली राहावे, आणि खेळसाहित्याच्या उत्पादकाने दिलेला तपशील भूदृश्यरचनाकाराने स्वतःचा म्हणून मिरवू नये.

आता बहुतेक आराखडे संगणकीय फाइल म्हणून दाखल होतात, त्यामुळे या प्रश्नाला नवे रूप आले आहे. शिक्क्याचे चित्र फाइलमध्ये चिकटवणे आणि डिजिटल स्वाक्षरी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्राची नक्कल कोणीही करू शकतो. डिजिटल स्वाक्षरीत मात्र फाइलच्या मजकुरापासून गणिताने एक ठसा काढला जातो आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बांधला जातो, त्यामुळे नंतर एक रेघ जरी हलली तरी पडताळणीत ते उघड होते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे अशा स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता आहेच. तरीही वरिष्ठांचे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन कार्यालयाच्या खणात राहते आणि संकेतशब्द सर्वांना ठाऊक असतो, ही स्थिती असेल तर तंत्र कितीही भक्कम असले तरी नियंत्रण उरत नाही.

भारतात वास्तुविशारद अधिनियम, १९७२ ने वास्तुविशारदांची नोंदणी सुरू केली. या अधिनियमाचे कलम ३७ उपाधीच्या वापरापुरते मर्यादित आहे, वास्तुरचनेचे काम करण्यावर ते बंदी घालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. भूदृश्यरचनाकारांसाठी तर स्वतंत्र कायदाच नाही; त्यांची संघटना, इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, २००३ पासून कार्यरत आहे, परंतु तिचे सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ने मात्र भूदृश्यरचनाकाराची अर्हता आणि क्षमता नमूद केली आहे, आणि पाच हेक्टर व त्याहून मोठ्या, महानगरांत दोन हेक्टर व त्याहून मोठ्या, क्षेत्राच्या विकासात त्याची भूमिका मान्य केली आहे. संहिता शिफारसवजा असल्याने स्थानिक नियमावलीने ती स्वीकारल्याखेरीज बंधन निर्माण होत नाही. सह्याद्रीच्या उतारावर किंवा कोकणात गृहप्रकल्प उभा राहतो, तेव्हा डोंगर किती कापायचा, नाल्याकडे जाणारे पाणी कुठून न्यायचे आणि धरभिंतीमागचे पाणी कसे बाहेर काढायचे, हे निर्णय पहिल्याच जोरदार पावसात कसाला लागतात. आणि तो आराखडा नेमका कोणाचा होता, याचे उत्तर कागदावर सापडत नाही.

परवाना आणि शिक्का यांमुळे व्यवसायाची मक्तेदारी निर्माण होईल आणि छोट्या कामांचा खर्च वाढेल, हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. घरामागची बाग किंवा रोपवाटिकेने सुचवलेली लागवड यांना शिक्क्याच्या जाळ्यात ओढण्याचे कारण नाही, आणि अमेरिकेतील अनेक कायद्यांनीही अशा कामांना सूट दिलेली आहे. नियमाची मर्यादा धोक्याच्या प्रमाणात ठरावी, व्यवसायाच्या प्रतिष्ठेच्या प्रमाणात नव्हे.

कायदा होईपर्यंत वाट पाहण्याची मात्र गरज नाही. या परिषदेने आपल्या सदस्यांसाठी पुढील आचारनियम आजच स्वीकारावेत, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. प्रत्येक आराखड्यावर उत्तरदायी व्यक्तीचे नाव, अर्हता, सही आणि तारीख असावी. तो चर्चेसाठी, परवानगीसाठी की बांधकामासाठी, हे त्यावर लिहिलेले असावे. प्रत्येक फेरबदलाला क्रमांक, वर्णन आणि करणाऱ्याचे नाव असावे. दुसऱ्याच्या कामावर सही करण्यापूर्वी लेखी तपासणी व्हावी आणि ती जपून ठेवावी. आणि डिजिटल स्वाक्षरीची किल्ली कोणीही दुसऱ्याच्या हाती देऊ नये. वास्तुकला महाविद्यालयांनी व्यावसायिक व्यवहाराच्या तासांना हा विषय उदाहरणांसह शिकवावा, आणि नगरपालिकांनी संहितेतील तरतूद आपल्या नियमावलीत घ्यावी, यासाठी परिषदेने पाठपुरावा करावा. जो व्यवसाय सक्ती नसताना आपले नाव आपल्या कामाशी जोडून दाखवतो, त्याचाच कायदेशीर मान्यतेवरचा हक्क समाजाला पटतो. त्या मान्यतेची मागणी करण्यापूर्वी तेवढी पात्रता सिद्ध करणे हे या पिढीच्या भूदृश्यरचनाकारांचे कर्तव्य आहे.