पलटणीची खबर



ग्रंथालयाच्या उत्सवात पलटणीचा विषय निघावा, याचे बेळगावात कोणाला नवल वाटू नये. १९२२ साली हिंदी सैन्याची पुनर्रचना झाली, मराठ्यांच्या जुन्या पायदळ पलटणी एकत्र बांधून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट उभी राहिली आणि तिचे शिक्षणकेंद्र या गावी वसले. तेव्हापासून इथल्या पहाटेला बिगुलाची सवय आहे. पलटणीच्या पराक्रमावर पुष्कळ लिहिले गेले असून ते योग्यच आहे. आज विचार करावयाचा आहे तो मात्र निराळ्या गोष्टीचा. लढाई संपवून घरी परतलेल्या शिपायांचे एकमेकांशी काय नाते राहिले, त्यांना एकमेकांची खबर कशी लागत असे, आणि ती खबर आता कोणापाशी उरली आहे, एवढाच आजचा विषय.

दुसऱ्या महायुद्धाअखेर हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. मराठ्यांच्या पलटणी तीन खंडांत विखुरल्या होत्या. तिसरी पलटण १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर लढली. दुसरी, म्हणजे जिला ‘काळी पाचवी’ म्हणतात ती, १९४२ साली उत्तर आफ्रिकेतील टोब्रुकला होती. चौथीने १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सरहद्दीवर सांगशाक येथे जपान्यांचा वेढा सोसला. पहिली, ‘जंगी पलटण’, आणि केरेनची तीच तिसरी इटलीत उतरल्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या मुलखातील एकाच गावचे चार तरुण अशा रीतीने चार निरनिराळ्या आघाड्यांवर असू शकत, आणि त्यांची आई मात्र एकाच उंबऱ्यावर बसून टपालवाल्याची वाट पाहत असे.

ते टपाल कसे असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. पत्रावर गावाचे नाव नसे; फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा तेवढा असे. शिपायाला लिहिता येत नसेल तर लिहून देणारा कोणी साक्षर सोबती असे. मग पत्र पलटणीतच वाचले जाई, आणि पुढे सेन्सॉरकडे जाई. घरी पोहोचल्यावर ते पुन्हा मास्तर किंवा टपालवाला वाचून दाखवी. नवऱ्याने बायकोला धाडलेले शब्द तिच्या कानी पडेपर्यंत चार परक्या पुरुषांच्या नजरेखालून गेलेले असत. त्यामुळे पत्रात ‘इकडे सर्व खुशाल’ यापलीकडे फारसे काही नसे, यात आश्चर्य नाही. खरी खबर दुसऱ्या वाटेने येई. रजेवर आलेला शिपाई आपल्या घरी एक दिवस राही आणि उरलेली रजा सोबत्यांच्या घरी निरोप पोहोचविण्यात घालवी. अमक्याला ताप आला होता, आता बरा आहे. तमक्याला बढती मिळून तो नाईक झाला. बायकामंडळी अशा शिपायाला ओवाळीत, जेवू घालीत, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून, न सांगितलेले काही आहे का, याचा अदमास घेत.

टोब्रुकची गोष्ट याहून बिकट. २१ जून १९४२ रोजी ते ठाणे पडले आणि सुमारे ३३,००० सैनिक शत्रूच्या हाती सापडले. त्यांत काळी पाचवीही होती. एका दिवसात अख्खी पलटण पत्त्याविना झाली. त्या घरांना आलेला ‘बेपत्ता’ हा शब्द मृत्यूच्या वार्तेपेक्षा बरा की वाईट, याचा निवाडा ज्याच्या त्याच्या मनाने करावयाचा. सोळा सोमवार धरावेत की चुडा उतरवावा? पुढे रेड क्रॉसच्या मार्फत कैद्यांची कार्डे येऊ लागली तेव्हा कुठे काही घरांतले दिवे पुन्हा लागले. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना इटलीत नेण्यात आले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर काही निसटले, काहींना जर्मनांनी पुढे हलविले. अशी तीन-तीन वर्षे काढून परतलेल्या माणसाचे दुःख काही और असे. इतरांच्या छातीवर लढायांची पदके होती, आणि याच्यापाशी सांगण्यासारखे होते ते उपाशीपणाचे आणि थंडीचे. ते त्याने गावात सांगितले नाही. सांगितले ते फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्या एखाद्याला, आणि म्हणूनच तो दुसरा कुठे राहतो हे ठाऊक असणे त्याला भाकरीइतके आवश्यक होते.

पलटणीतल्या सोबतीचा विचार करताना नामदेव जाधवांचे उदाहरण घ्यावे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीने हल्ला केला. जाधव हे कंपनीचे निरोप्ये होते. त्यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस सर्वांना माहीत आहे. परंतु त्या दिवसाचा क्रम पाहण्यासारखा आहे. शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या त्यांनी एकट्याने बंद पाडल्या, त्या नंतर. त्याआधी त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलून खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून पार नेले, आणि परत येऊन दुसऱ्याला नेले. आधी माणसे, मग चौक्या. जाधव १९८४ पर्यंत हयात होते. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, कोकणातील माणगाव तालुक्याचे, यांच्या वाट्याला ते आले नाही. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील प्रत्येक जण मेला वा घायाळ झाला असता त्यांनी एकट्याने मशीनगनची चौकी घेतली आणि तेथेच ते कामी आले. वय अवघे बावीस. त्यांची समाधी कोठेही नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव तेवढे आहे.

लढाई सरली आणि १९४५-४६ मध्ये पलटणी मोकळ्या होऊ लागल्या. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण समारंभांच्या भाषणांत ती सांगितली जात नाही. लढाईपुरते भरती झालेल्या बहुतेकांना पेन्शन मिळाली नाही. पेन्शनीला पंधरा वर्षांची नोकरी लागे. या माणसांची पाच-सहाच झालेली. हाती थोडी रक्कम आणि डिस्चार्ज बुक देऊन त्यांना घरी धाडण्यात आले. जो पेन्शनर झाला त्याचे नाव सरकारदप्तरी राहिले आणि दरमहा खजिन्यावर त्याला त्याचे जुने सोबती भेटत राहिले. बाकीच्यांना एकत्र आणणारे असे काहीच नव्हते. जिल्हा सैनिक मंडळे होती, १९६४ नंतर माजी सैनिकांची अखिल भारतीय संघटना झाली, रेजिमेंटचे मेळावे भरत आले. पण बेळगावला मेळाव्यास यावयाचे तर एस.टी.चे भाडे लागते, आणि भातलावणीच्या दिवसांत ते नसते.

तरीही खबर राहिलीच. आठवड्याच्या बाजारात एखाद्याची ताठ चाल पाहून दुसरा विचारी, ‘कुठली पलटण?’ मग कंपनी, मग सुभेदारसाहेबांचे नाव, आणि पाच मिनिटांत दोघे बैल विकायचे विसरून चहाच्या दुकानात बसत. तेथून पोस्टकार्डांचा सिलसिला सुरू होई. लग्नपत्रिकेत नाव घालताना ‘माजी हवालदार’ हे शब्द आठवणीने घातले जात. तो मिरवण्याचा भाग खरा, पण पत्रिका जेथे जेथे जाईल तेथील जुन्या सोबत्याने ओळखावे हाही हेतू त्यात असे. सोबती वारल्याचे कळले की तेराव्याला दोन तालुके ओलांडून कोणी अनोळखी म्हातारा येई, दारात उभा राहून कडक सलाम करी, आणि घरच्या मुलांना पहिल्यांदाच कळे की आपल्या बापाला कोणी तरी पाठीवर घेऊन चालले होते.

आता बेळगावकरांच्या जिव्हाळ्याचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूरला जोडला गेला. बेळगाव आणि खानापूर म्हैसूर राज्यात गेले. ज्या दोन शिपायांनी एका खंदकात रात्री काढल्या त्यांपैकी चंदगडचा एका राज्यात आणि खानापूरचा दुसऱ्या राज्यात पडला. एकाची सैनिक मंडळाची कचेरी कोल्हापूरला, दुसऱ्याची बेळगावला. एकाचा अर्ज मराठीत, दुसऱ्याचा कानडीत. दुसऱ्या महायुद्धातील पेन्शन नसलेल्या वृद्ध सैनिकांना व त्यांच्या विधवांना मासिक अनुदाने पुढे दोन्हीकडे सुरू झाली. पण नियम वेगळे, रक्कम वेगळी. अमक्याला मिळते मग मला का नाही, हा प्रश्न घेऊन एखादा म्हातारा या कचेरीतून त्या कचेरीत गेला तर त्याला उत्तर काय देणार? सीमाप्रश्नावर या गावात पुष्कळ भाषणे झाली आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा येथे हेतू नाही. नोंद एवढीच करावयाची की पलटणीच्या लोकांनी ही हद्द कधी मानली नाही. साक्षीदार म्हणून सही लागली तर चंदगडचा हवालदार खानापूरच्या माणसासाठी कानडी कागदावर अंगठा उमटवून येई.

तिसऱ्या पलटणीच्या जुन्या लोकांची आणखी एक पंचाईत. ती पलटण पुढे छत्रीधारी झाली आणि १९५२ पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलला उतरून १६ डिसेंबरला ढाक्यात पोहोचली ती हीच. केरेनच्या म्हाताऱ्याने रेडिओवर ती वार्ता ऐकली तेव्हा त्याला सांगावे लागले, ‘आजोबा, ती तुमचीच पलटण.’ नाव बदलले, टोपी बदलली, पण म्हाताऱ्याने पेढे वाटले.

जुलै २०२३ मध्ये इटलीत पेरुजाजवळील मोंतोने या गावी यशवंत घाडगे यांच्या नावे एक स्मारक उभे राहिले. ते सूर्यघटिकेच्या आकाराचे आहे. इटलीच्या भूमीवर पाच हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिक पडले; त्यांतील हिंदू शिपायांचे दहन झाल्यामुळे पुष्कळांची नावे सांग्रो व फोर्ली येथील दहनस्मारकांवर आहेत. परक्या गावाने ऐंशी वर्षांनी आठवण ठेवली, ही समाधानाची गोष्ट. मात्र घाडग्यांबरोबर त्या दिवशी जे पडले त्यांची घरे कोणती, हे तेथे कोणी विचारले तर सांगणारा आता आपल्याकडे शोधावा लागेल.

१९४५ साली जो वीस वर्षांचा होता त्याने २०२५ मध्ये शंभरी गाठली. या वाचनालयाने आणि त्या पिढीने सारखेच वय पाहिले. वाचनालयाच्या कपाटात लढायांचे इतिहास आहेत, नकाशांसह आहेत. पोस्टकार्डे नाहीत. ती अजून खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजरा येथल्या घरांत लोखंडी पेट्यांच्या तळाशी, डिस्चार्ज बुकात घडी घालून ठेवलेली सापडतात. त्यांच्यासोबत बहुधा एक गटाचे छायाचित्रही असते: तीन ओळींत बसलेली माणसे, गुडघ्यावर हात, आणि पाठीमागे शाईने लिहिलेली तीन-चार नावे. बाकीची नावे लिहिलेली नाहीत, कारण ज्याने फोटो जपला त्याला ती पाठ होती.