जळणाची खोप

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे खाली गोव्यात आणि वर खानापूरच्या रानपट्ट्यात, वैशाख अर्धा सरला की घरोघर आगोटीच्या बेगमीची घाई सुरू होते. गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. तांदूळ, डाळी, मिरच्या, आमसुले, सुकी मासळी हे सारे उन्हे खाऊन डब्यांत आणि मडक्यांत जाऊन बसते. या सर्व जिनसांची काळजी घरातील माणसे जिवापाड घेतात. परंतु ज्याच्यावाचून यांतील एकही जिन्नस शिजायची नाही, ते जळण मात्र परसात कोठेतरी ढीग करून टाकलेले असते. पहिली सर आली की त्यावर एखादे जुने कांबळे किंवा ताडपत्री ओढायची, एवढीच त्याची व्यवस्था. या उपेक्षित जिनसेसाठी घरच्या घरी एक साधी, टिकाऊ लाकडी खोप कशी उभी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आता चुली राहिल्या आहेत कोठे, असे कोणी विचारील. ते काही अंशी खरेच आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिच्याद्वारे कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी गेली. तथापि शेगडी आली म्हणून चूल गेली असे झालेले नाही. न्हाणीघरातले पाणी, उकडे तांदूळ करण्याचे भात, गुरांचे आंबोण, दहावीस माणसांचा स्वयंपाक, या कामांना खेड्यापाड्यांतून अजूनही लाकूडच लागते. माडाच्या झावळ्या, काजूच्या वाळलेल्या फांद्या, वठलेला आंबा हे परसातलेच जळण वाया घालवणे कोणास रुचणारे नाही. तेव्हा जोवर चूल आहे, तोवर ती कोरड्या लाकडावर पेटावी, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

कोरडेपणाला एवढे महत्त्व का, याचा हिशेब शाळेतील मुलालाही करता येईल असा आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असू शकते. एक किलो पाणी आपल्या हवेच्या उष्णतेपासून उकळीपर्यंत आणण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४० लागतात. ओले लाकूड चुलीत घातले म्हणजे ही सारी उष्णता भांड्याला न मिळता लाकडातील पाणी घालवण्यात खर्ची पडते. याहूनही मोठे नुकसान निराळेच आहे. पाण्यामुळे विस्तव थंड राहतो, लाकडातून निघालेले वायू पुरते जळत नाहीत, आणि जे ज्योत व्हायचे ते धूर होऊन बाहेर पडते. हा धूर कोणाच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील अशा दूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. कोरड्या लाकडाने धूर समूळ नाहीसा होतो असे नव्हे, धुराडे हवेच. परंतु ओल्याच्या मानाने तो पुष्कळच कमी होतो, आणि लाकूडही कमी लागते. म्हणून जळणाची खोप ही केवळ परसाची शोभा नव्हे, ती घरातील बाईच्या प्रकृतीची बाब आहे.

खोप बांधताना बहुतेकांची एक समजूत आडवी येते. पावसापासून लाकूड वाचवायचे, तेव्हा ते चारी बाजूंनी जितके बंद तितके चांगले, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात घडते याच्या उलट. घट्ट बंद केलेल्या जागेत लाकडातून निघालेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती तिथेच कोंडते आणि लाकडाला बुरशी चढते. ताडपत्रीत गुंडाळलेल्या ढिगाची श्रावणात काय दशा होते, हे आपण पाहतोच. सारे सूत्र थोडक्यात सांगायचे तर असे: पाऊस वरून अडवावा, ओल खालून अडवावी, झड एका बाजूने अडवावी, आणि वारा मात्र कोठेच अडवू नये. पुढे जे जे सांगणार आहे, ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

प्रथम आकार ठरवू. ज्या घरात दिवसाला आठ किलो जळण लागते, त्या घराला पावसाळ्याच्या १२० दिवसांत ९६० किलो, म्हणजे जवळजवळ एक टन लागेल. वाकड्यातिकड्या फांद्यांची फोडलेली लाकडे रचली तर घनफुटाला नऊदहा किलो बसतात असे धरावे. त्या मानाने आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच फूट उंच अशी रास पुरेशी आहे. तिचे १२० घनफूट होतात, आणि हाताशी थोडे शिल्लकही राहते.

जागा निवडताना पुरुषांनी आपलेच डोके चालवू नये. भर पावसात, डोक्यावर इरले किंवा छत्री घेऊन लाकडे आणायला जी जाते, तिला आधी विचारावे. परसदारापासून फार दूर खोप बांधली, तर लाकूड कोरडे राहील आणि ते आणणारी भिजेल. उलट घराच्या भिंतीला अगदी चिकटून बांधली, तर वाळवीला घरात शिरायला वाट मिळते आणि आगीचेही भय असते. दहाबारा फुटांचे अंतर दोन्ही दृष्टींनी सोयीचे. जमीन उंचवट्याची असावी, आणि खोपीभोवती चर खणून पाणी उताराकडे काढून द्यावे.

दिशेचा विचार तितकाच महत्त्वाचा. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा सरळ न पडता तिरपा पडतो. यास्तव खोपीची पाठ नैर्ऋत्येला आणि तोंड ईशान्येला करावे. छप्पर एकपाखी, पाठीकडे उतरते ठेवावे, म्हणजे झड त्याच्या उतारावरून निघून जाते आणि उंच, उघड्या बाजूने सकाळचे ऊन आत येते.

खांब सहा लागतील: पुढे तीन, मागे तीन, दर चार फुटांवर एक. लाकूड फणसाच्या नाराचे किंवा ऐनाचे घ्यावे. आंबा आणि सावर स्वस्त मिळतात, पण पावसाळ्यात लवकर कुजतात. खांब जमिनीत पुरू नयेत. मातीला टेकलेले लाकूड कितीही चांगले असले, तरी मातीलगतच्या भागात आधी कुजते आणि वाळवीही तेथूनच चढते. प्रत्येक खांबाखाली जांभा दगडाचा फूटभर उंच भक्कम खुंट बांधावा, त्यात लोखंडी पट्टी पक्की बसवावी आणि खांब त्या पट्टीला बोल्टने जखडावा. वादळी वाऱ्यात छप्पर नुसते खाली दाबले जात नाही, ते वर उचललेही जाते. म्हणून ही जखडण हवीच. खांबांच्या मध्ये तिरपे आधार ठोकले म्हणजे सांगाडा डुलत नाही.

छपराचा उतार कौलांच्या जातीवर ठरतो. मंगळुरी कौलांना आपल्या पावसात दर फुटाला सात इंचांचा चढ असावा. पुढचे खांब साडेसात फुटांचे धरले, तर तीन फुटांच्या रुंदीत २१ इंचांचा उतार पडतो आणि मागचे खांब पाच फूट नऊ इंचांचे होतात. खांबांवर तुळया, तुळयांवर वासे आणि वाशांवर रिपा बसवाव्यात. जून माडाचे वासे आणि पोफळीच्या चिरफळ्यांच्या रिपा ही आपल्याकडची जुनी, कमी खर्चाची रीत अजूनही उत्तम आहे. रिपांमधील अंतर मापाने न ठरवता हातातले कौल ठेवून पाहूनच ठरवावे. छप्पर पुढे दोन फूट आणि मागे दीड फूट बाहेर काढावे. हात आखडून ज्याने वळचण तोकडी ठेवली, त्याची खोप पहिल्याच आषाढात आतून भिजते.

ही कौले १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला काढलेल्या कारखान्यापासून या किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्यांची एक खुबी अनेकांच्या ध्यानात येत नाही. कौलाच्या खालच्या अंगाला असलेल्या नाकाला तार ओवण्यासाठी भोक असते. निदान कडेच्या ओळी तारेने रिपांना बांधाव्यात, म्हणजे वारा आणि माकडे दोहोंचाही उपद्रव कमी होतो. कौलांऐवजी पत्रा घातला तर खिळा नळीच्या उंचवट्यावर, वायसर घालून ठोकावा; खोलगट भागात ठोकलेल्या खिळ्याशी पाणी झिरपल्यावाचून राहत नाही. झावळ्यांचे झाप स्वस्त पडतात, परंतु ते दरवर्षी बदलावे लागतात.

पाठीच्या बाजूला झडीसाठी आडव्या फळ्या माराव्यात. तळापासून आरंभ करून वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर इंचभर येईल अशी ठेवावी, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर निथळते. सर्वांत वर, छपराखाली, सहा इंच जागा वाऱ्यासाठी मोकळी सोडावी. आजूबाजूंना उभ्या पट्ट्या दोन दोन बोटे अंतराने ठोकाव्यात. तोंड उघडेच राहू द्यावे. आतील जमिनीवर, खुंटांच्या उंचीवर, बांबूंचा किंवा जाड फळ्यांचा माच करावा. माचाखालून वारा खेळला पाहिजे आणि केरसुणी फिरवता आली पाहिजे.

आता लाकडाच्या रक्षणाविषयी. बांबू वापरायचे असतील तर ते तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवावेत. त्यातील पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. खांब, तुळया आणि फळ्या यांना मे महिन्यात, लाकूड पुरते सुके असताना, काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात द्यावेत. किनाऱ्यावरील कोळी आपल्या होड्यांना हेच तेल चोपडत आले आहेत. हे तेल कातडीला भाजते, तेव्हा हातमोजे घातल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये. फळ्यांची कापलेली टोके विसरू नयेत, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते ते टोकांतून. मात्र तेल लावलेले, रंग दिलेले किंवा प्लायवुडचे तुकडे जळणात कधीही मिसळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

खोप कितीही चांगली असली, तरी ओले लाकूड आत भरून ते पावसाळ्यात वाळेल ही आशा व्यर्थ आहे. लाकूड हिवाळ्यात फोडावे. तीनचार इंचांहून जाड ढलपी ठेवू नये. उन्हाळाभर ती उघड्यावर रचून वाळवावी आणि मृगापूर्वी खोपीत भरावी. वाळले की नाही हे ओळखण्याची एक कसोटी मी माझ्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतो. एका ढलपीवर खूण करून दर आठवड्याला तिचे वजन करावयाचे आणि वहीत मांडावयाचे. वजन उतरायचे थांबले की लाकूड हवेइतके वाळले. काटा नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात: सुक्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द येतो.

रचताना ढलप्यांची टोके वाऱ्याच्या वाटेवर, म्हणजे पुढे आणि मागे यावीत. पाठीच्या फळ्यांपासून रास चार बोटे दूर ठेवावी. खोपीचे मधोमध दोन खण करावेत आणि जुने जळण आधी संपवावे. लाकडांच्या सांदीत विंचू, फुरसे, मण्यार यांना आसरा मिळतो. म्हणून माचाखाली कचरा साठू देऊ नये, आत हात घालण्यापूर्वी काठीने रास हलवावी, आणि रात्री विजेरीवाचून तिकडे जाऊ नये.

श्रोतेहो, ही खोप दोन माणसांच्या आठवड्याभराच्या श्रमाची आहे. पुढे दरवर्षी मे महिन्यात तासभर तिच्याकडे पाहावे लागते: फुटलेले कौल बदलावे, दगडी खुंटांवर वाळवीची मातकट वाट दिसली तर ती खरवडून काढावी, चर उपसावा, तेलाचा एक हात द्यावा. एवढ्या श्रमाचा मोबदला आषाढातल्या एखाद्या पहाटे मिळतो. बाहेर संततधार लागलेली असते, आणि आत फुंकणीला फारसे श्रम न देता पहिल्या काडीसरशी चूल धरते. ज्या घरात पुरुष धान्याच्या कणगीची चौकशी करतो, त्या घरात त्याने यंदा जळणाचीही चौकशी करावी, आणि हातोडी उचलण्यापूर्वी खोप कोठे हवी हे चुलीपाशी बसणारीला विचारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.